तेलाच्या डब्यांमागचा तांदूळ

तुर्भ्याच्या गोडाऊनमध्ये माझं टेबल मालाचं आणि शेजारचं गाड्यांचं. उरण-पनवेल पट्ट्यातल्या कॅन्टीनना आम्ही किराणा पुरवायचो. कुणाचा तांदूळ कधी संपेल हे मी बघायचे आणि तो कुठल्या गाडीतून जाईल हे शेजारचे दादा ठरवायचे. दोन टेबलांत हातभर अंतर, पण आमचं बोलणं भांडणापुरतंच.

दादा साताऱ्याकडचे. माणूस सरळ, पण अर्धी गाडी निघाली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. दर महिन्याच्या मीटिंगला साहेब त्यांच्या भरलेल्या गाड्यांचं कौतुक करायचे आणि माझ्या भरलेल्या रॅकचंही. कॅन्टीनवाल्यांना त्या मीटिंगला कुणी बोलावत नसे, त्यामुळे आमचं सगळं उत्तम चाललं होतं.

उरणच्या एका कंटेनर यार्डात एका मावशींचं कॅन्टीन होतं. खाडीकाठच्या गावच्या बाई. नवरा गेल्यावर त्यांनीच ते पुढे चालवलं. आमचा तांदूळ उशिरा पोचल्यामुळे एकदा यार्डातल्या कामगारांचं दुपारचं जेवण चुकलं, तेव्हा यार्डाच्या मॅनेजरने बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर कॅन्टीन दुसऱ्याला देऊ. नंतर तांदूळ परत संपत आला तेव्हा मावशींचा मला फोन आला.

"बाय, उद्या सकालीच तांदूल पायजे. माजं सगलं त्यावर हाय."

मी दादांच्या टेबलापाशी जाऊन उभीच राहिले. ते म्हणाले, "सकाळी गाडी उरणात असंल मॅडम. पर भरून जाईल." मला तेवढंच हवं होतं.

गाडी भरून गेली. आमच्याकडे जड माल आधी चढवायची पद्धत, म्हणून तांदळाची पोती आत, पार केबिनला टेकून. त्यावर आणि त्यापुढे पनवेलच्या कॅन्टीनचे तेलाचे डबे, थेट दरवाजापर्यंत.

सकाळी गाडी वेळेवर यार्डाच्या गेटवर पोचली. ड्रायव्हरने फोन करताच मावशींनी चुलीवर आधण ठेवलं. गेटवर मात्र सिक्युरिटीवाला अडून बसला: पासवर ज्याचं नाव नाही तो माल आत उतरवायचा नाही. डबे उतरवल्याशिवाय पोती निघणार कशी? बाहेर रस्त्यावर ट्रेलरची रांग, तिथे उभं राहायची सोय नाही. ड्रायव्हरने दादांना विचारलं, दादांनी सांगितलं की आधी पनवेल करून ये. मावशींना कळलं तोवर दुकानातून तांदूळ आणून शिजवण्याएवढा वेळ उरला नव्हता.

माझ्या कॉम्प्युटरवर माल वेळेत निघालेला, दादांच्या कॉम्प्युटरवर गाडी पूर्ण भरलेली. आणि उरणची माणसं नुसत्या डाळीपुढे बसलेली. संध्याकाळी गाडी तांदूळ घेऊन परत उरणला गेली, तोवर मॅनेजरचा निर्णय झाला होता: कॅन्टीन दुसऱ्याला. मी त्याला फोन करून चूक आमची आहे हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. मला इतका संताप आला की दादांशी मी दोन दिवस बोलले नाही.

पुढे आम्ही टेबलं जोडली. आता कोणाकडे आधी उतरायचं हे दोघांनी बसून ठरवल्याशिवाय गाडीत एक पोतंही चढत नाही. साहेब मीटिंगमध्ये त्याचंही कौतुक करतात.

मावशींना त्याचा काय उपयोग? त्यांचा तांदूळ परत आणायला मी गाडीबरोबर स्वतः त्यांच्या घरी गेले होते. पोती अंगणात, ताडपत्रीखाली नीट झाकलेली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला, हमालालाही दिला. मी चाचरत म्हटलं, "मावशी, एखादं पोतं घरात राहू द्या."

"नको बाय," त्या म्हणाल्या. "आता आमी घरान दोगीच, मी आन् माजी पोर. एवरा भात कोनाला रांदू?"