बुधवारची तोडणी

नागापूर एमआयडीसीत आमचं ऑफिस एका लेथ वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना बाहेरून, लोखंडी. खाली लोखंड कापायला घेतलं की वर टेबलावरचे चहाचे कप बारीक थरथरायचे. पहिले काही दिवस मला वाटायचं, माझाच हात थरथरतोय.

आम्ही चौघं होतो. सर इंजिनिअरिंग कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून आले होते. त्यांच्या हाताखाली दोन प्रोग्रॅमर, एक जामखेडचा आणि एक देवळाली प्रवराचा. चौथी मी. मला इंग्रजी लिहायला घेतलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते, कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता, आणि मुलाखतीत सरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी एका वाक्यात उत्तर दिलं होतं. ते त्यांना आवडलं असावं.

आमचं सॉफ्टवेअर काय करतं हे मी घरी वडिलांना असं सांगितलं होतं: समजा चार जुने कॉम्प्युटर आहेत. ते वायरींनी जोडायचे. आमचं सॉफ्टवेअर त्या चौघांच्या डिस्क मिळून एक मोठं कपाट करतं. कपाटात ठेवलेली प्रत्येक फाईल एकाहून जास्त कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली जाते. मग एखादा कॉम्प्युटर मेला तरी फाईल मरत नाही. वडील म्हणाले, "आणि हे तुम्ही विकता?" मी म्हटलं, "नाही, फुकट देतो. त्याचा मूळ कोडसुद्धा देतो. कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा." ते पेपर वाचू लागले.

याला ओपन सोर्स म्हणतात, हा शब्द तेव्हा नुकताच ऐकू यायला लागला होता. पैसे यायचे ते हे सॉफ्टवेअर बसवून देण्याचे, बिघडलं तर बघून देण्याचे. कुठून कुठून ईमेल यायचे. पुण्याचा नंबर फिरवून इंटरनेट जोडायचं, ईमेल उतरवून घ्यायचे आणि लगेच फोन ठेवायचा, कारण ती एसटीडी असायची. उत्तरं मी लिहायची. देवळालीवाला माझ्या खुर्चीमागे उभा राहून सांगायचा, "मॅडम, त्या जर्मनीवाल्याला लिवा, डिस्क तुझी मेलीय, आमचं काय न्हाई बिघडलं." मी ते नीट इंग्रजीत लिहायचे. तो वाचून म्हणायचा, "एवढं गोड? ह्याला वाटंल आपलीच चूक हाय."

कॉम्प्युटर सगळे जुने, कारखान्यांनी काढून टाकलेले. त्यांना नावं द्यायची पद्धत होती: ज्यानं कॉम्प्युटर जुळवला त्यानं आपल्या गावाचं नाव द्यायचं. त्यामुळे एकाचं नाव जामखेड, एकाचं देवळाली. सरांच्या कॉम्प्युटरला त्यांचं कोकणातलं गाव. चौथा जुळवताना मी स्क्रू धरून बसले होते म्हणून नाव माझ्या वाट्याला आलं.

"सांगा मॅडम, गाव कंचं?" जामखेडवाल्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आम्ही नगरचेच."

"नगर न्हवं, मूळ गाव. मूळ गाव असतंयच की."

गाव होतं. जामखेडच्याच पुढे, तिथून फार लांब नाही. पण गावाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येतो, गावात कुठल्या आळीला. आणि आमची घरं कुठल्या आळीला नव्हती, गावाबाहेर होती. आजोबांच्या वेळी आम्ही बौद्ध झालो, वडील नोकरीला नगरला आले, आणि वडिलांनी आम्हा भावंडांना लहानपणीच सांगून ठेवलं होतं: कोणी विचारलं तर नगर म्हणायचं. मी शाळेत नगर म्हटलं, कॉलेजात नगर म्हटलं. जामखेडवाल्याला तर त्या बाजूची वाडी न् वाडी माहीत होती.

"मला गाव नाही," मी म्हटलं.

"मग एमआयडीसीच घाला," देवळालीवाला म्हणाला. चौथ्या कॉम्प्युटरचं नाव नागापूर ठेवलं.

गुरुवारी एमआयडीसीची वीज बंद असायची. म्हणून आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, वीज गेली तरी फाईल टिकते का हे तपासायचं काम असे. देवळालीवाला उसाच्या पट्ट्यातला, तो त्याला तोडणी म्हणायचा. एकानं उठायचं, मनाला येईल त्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटायची आणि त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. बाकीच्यांनी आपापल्या स्क्रीनवर फाईल उघडते का बघायची. उघडली तर सॉफ्टवेअर पास. मग ज्यानं वायर उपटली त्यानंच ती परत लावायची, हा नियम होता. दुसऱ्यानं लावायची नाही.

"जामखेड गेलं!" देवळालीवाला ओरडायचा.

आणि स्वतःच म्हणायचा, "जाऊ द्या, तिथं हुतं तरी काय? पानी न्हाई, पाऊस न्हाई."

पुढच्या बुधवारी जामखेडवाला उट्टं काढायचा. "देवळाली गेली! आता साखर म्हागली बघा. लग्नात गुळाचा चहा प्या."

सर गालात हसायचे. त्यांचं गाव गेलं की दोघं मिळून त्यांना माशांवरून बोलायचे, आणि सर म्हणायचे, "गाढवांनो, फाईल बघा आधी."

नागापूर गेलं की कोणी काही म्हणायचं नाही. काय म्हणणार? तिथलं कोणीच नव्हतं. "नागापूर गेलं." "हां, उघडतीय." झालं. मला ते बरंच वाटायचं, असं मी तेव्हा धरून चालले होते.

मग ती मोठी कंपनी आली. बाहेरच्या देशातली, पुण्यात ऑफिस असलेली. पहिला ईमेल मीच उतरवून घेतला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला, मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या कंपनीला आमची फर्म विकत घ्यायची होती. देवळालीवाला म्हणाला, "सर, फुकटची वस्तू इकत कशी घेत्यात?"

"वस्तू नाही घेत," सर म्हणाले. "कोड तर सगळ्यांचाच आहे, तो तसाच राहील. ते नाव घेतात आणि माणसं घेतात."

किती माणसं, असं कोणी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून आम्ही सगळे तेच मोजत होतो, हे मला दिसत होतं. जामखेडवाला दाढी करून यायला लागला. घरी आईनं विचारलं, पुण्याला जावं लागलं तर राहशील कुठे? मी म्हटलं, बघू. मला जायचं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. चार वाक्यं न बोलता जिथे दिवस जाऊ शकतो आणि कोणाला ते खटकत नाही, अशी माझी ती एकच जागा होती. ती पुण्याला चालली असेल तर मलाही पुण्याला जायचं होतं.

बघायला दोघं आले. एक गोरा, एक आपल्याकडचा, दोघेही सभ्य. सरांनी सगळं समजावलं, मग म्हणाले, हवी ती वायर काढा. गोऱ्यानं जामखेड काढलं. फाईल उघडली. तो खूश झाला. मग माझ्याकडे वळून, एक तुम्ही काढा, असं इंग्रजीत म्हणाला.

मी सगळ्यात जवळची काढली. ती माझीच होती. सवयीनं म्हटलं, "नागापूर गेलं." फाईल उघडली होती आणि ते टाळ्या वाजवत होते.

त्या आपल्याकडच्या माणसानं मला विचारलं, तुम्ही इथे काय करता? मी म्हटलं, मी पत्रं लिहिते, आणि माहितीपुस्तिका. त्यानं माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. मग सरांना म्हणाला की पुस्तिका लिहिणारी त्यांची स्वतंत्र टीम आहे, फार चांगली माणसं आहेत. हे म्हणताना त्यानं आपल्या लॅपटॉपची वायर मी रिकाम्या केलेल्या सॉकेटमध्ये लावली.

त्याच वेळी मला कळलं. वाईट वाटलं का, असं नंतर एका मैत्रिणीनं विचारलं होतं. मला आठवतं ते एवढंच की खाली लेथ चालू होता आणि कपांमधला चहा थरथरत होता.

गोऱ्यानं जामखेड परत लावलं, कारण सरांनी त्याला नियम सांगितला होता. मग सगळे जेवायला गेले. मी परत आले तेव्हा तो लॅपटॉप तिथेच होता. पाहुणे संध्याकाळी गेले तेव्हा सॉकेट मोकळं झालं. वायर जमिनीवर पडली होती. नियमाप्रमाणे ती मीच लावायची होती. मी लावली नाही. कोणी म्हणतं का, नागापूर बंद दिसतंय, एवढं मला बघायचं होतं.

पुढच्या बुधवारी तोडणी झाली नाही, सर पुण्याला गेले होते. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. मग तिघांना पुण्याच्या नोकरीची पत्रं आली. देवळालीवाल्यानं पेढे आणले. मला देताना त्याची नजर पेढ्याच्या बॉक्सवरच होती. "मॅडम, तुमचं बी हुईल कायतरी," तो म्हणाला. सरांनी मला आत बोलावून घेतलं, बराच वेळ चष्मा पुसला. "मी विचारलं होतं त्यांना," म्हणाले. "तू ऑफिस आवरेपर्यंत राहा. पगार चालू राहील." मी हो म्हटलं.

ते तिघं गेले. मी उरलेल्या ईमेलना उत्तरं द्यायची, पुढे पुण्याला लिहा म्हणून कळवायचं, कपाटं रिकामी करायची. जुने कॉम्प्युटर कंपनीला नको होते. ज्यानं त्यानं आपापला घरी न्यावा, असं सर सांगून गेले होते. वायर तशीच पडून होती, तिच्यावर धूळ बसली होती.

एका सकाळी मी ती पुसली आणि लावली.

नागापूर सुरू झालं, पण बाकीच्या कॉम्प्युटरांनी त्याला ओळखलं नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. माहितीपुस्तिकेत ते मीच लिहिलं होतं: जो कॉम्प्युटर ठरलेल्या मुदतीत परत येत नाही, त्याला बाकीचे विसरतात, आणि त्याच्याकडच्या प्रती आपसात वाटून घेतात. विसरतात हा शब्द माझा होता. जामखेडवाल्याला तो आवडला होता. आता नागापूरला नवा कॉम्प्युटर म्हणूनच आत घ्यावं लागणार होतं. स्क्रीननं नवीन नाव विचारलं.

मी आमच्या गावाचं नाव टाकलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. ऑफिसात कोणी नव्हतं, आणि दुसरं काही सुचलं नाही. फाईली एकेक करून त्याच्यावर यायला लागल्या. दिवसभर त्याचा दिवा लुकलुकत होता.

जामखेडवाला बुधवारी आला, टेम्पो घेऊन. पुण्याचे नवे बूट होते. आपला कॉम्प्युटर गावी भावाच्या मुलांना द्यायचा म्हणत होता. "चहा करता का मॅडम? तिथं मशीनचा मिळतो, त्यापरीस काडेचिराईत बरं," असं बोलत तो खुर्चीवर बसला आणि सवयीनं स्क्रीनकडे बघितलं. सगळ्या कॉम्प्युटरांची नावं तिथे एकाखाली एक दिसायची.

"हे कुनी घातलं?"

"मी."

"हे आमच्या पलीकडचं हाय. माझी आत्या हाय तिथनं जवळच." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमचं गाव हाय व्हय हे?"

"हो."

"मंग त्या टायमाला..." त्यानं पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाला, "कुठल्या आळी..."

खाली लेथ बंद होता, जेवणाची सुट्टी झाली असावी. त्याला कळलं होतं. माझं आडनाव त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण नुसत्या आडनावावरून काही कळत नव्हतं; शेजारी गाव आलं तेव्हा आमची घरं कुठली हे त्याला उमगलं. मी स्टोव्हवरच्या भांड्याकडे बघत राहिले. चहा वर येत होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उठून भिंतीपाशी गेला, खाली वाकला आणि वायर उपटली. मोठ्यानं माझ्या गावाचं नाव घेतलं, रिकाम्या ऑफिसात ते फार मोठं वाटलं. "गेलं!" तो ओरडला. मग मागे न वळताच म्हणाला, "जाऊ द्या! तिथं तर एसटी बी थांबत न्हाई. डायवर नुस्ता हात दावतो आन् फुडं जातो."

हे खरं होतं. लहानपणी एकदा आम्ही तिथल्या फाट्यावर उभे होतो आणि ड्रायव्हर हात दाखवून पुढे गेला होता.

"फाईल बघा की," तो म्हणाला. "का मीच बघू?"

मी स्टोव्ह बारीक केला, सरांच्या टेबलाशी गेले आणि फाईल उघडली.

"उघडतेय," मी म्हटलं.

त्यानं वायर परत लावली, कारण उपटली त्यानंच होती. मग चहा घेतला, आपला कॉम्प्युटर टेम्पोत चढवला आणि जिन्यावरून ओरडून विचारलं, "तुमचं कवा न्यायचं? त्या बाजूलाच चाललोय."

मी म्हटलं, "चालू आहे. राहू दे अजून."