पुढच्या उन्हाळ्याची बरणी

समजा, तुमच्या एका हातात धारदार चाकू आहे आणि दुसऱ्यात मनगटाएवढी जाड, नुकतीच तोडलेली फांदी. सालीला लांबीने एक चीर द्यायची, चाकूची पाठ आत सरकवायची आणि ओढायचं. रस चढलेल्या दिवसांत साल अलगद सुटते, आतून पिवळीधमक. ती सावलीत वाळवायची, तुकडे करून बरणीत भरायची. मग सगळ्यात अवघड काम: वर्षभर तिला हात लावायचा नाही.

हे शेवटचं काम माळीणबाईंना सुरुवातीला जमलं नव्हतं.

घरामागची या सालीची तीन झुडपं त्यांच्या नवऱ्याने लावलेली. गावात ज्याचं पोट अडून बसे, तो सालीसाठी माळ्याच्या दारात येई. लग्न नवीन असताना बाईंनी एकदा उतावीळपणे महिन्याभराची कच्ची साल शिंप्याला देऊन टाकली. दोन दिवस त्याची आतडी पिळवटून निघाली आणि तिसऱ्या दिवसापासून ती गोष्ट तो गावभर सांगत सुटला. "गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकलो, तो तिथेच बसलो!" माळी पोट धरून हसला. पण तेव्हापासून प्रत्येक बरणीवर तो चिठ्ठी लावू लागला: 'याआधी उघडू नये', आणि खाली तारीख.

आता फळीवर एकच बरणी होती. तिच्यावरची तारीख परवाच उलटली होती. माळी जाऊन सात महिने झाले होते. बाई रोज बरणी पुसत आणि परत जागेवर ठेवत.

दुपारी शिंपी आला.

"वहिनी, चार दिवस झाले. पोट म्हणजे नुसतं कुलूप."

"दवाखान्यात जा की, भावजी."

"गेलो होतो. त्यांच्या गोळ्यांना हे भीक घालत नाही. बरणीत आहे ना थोडी?"

"अजून कच्ची आहे," बाई म्हणाल्या. त्यांची मान खालीच होती.

शिंप्याने चष्मा सारखा केला, चिठ्ठी वाचली, आणि वाचलीच नाही असं दाखवत म्हणाला, "मग राहू दे. एकदा अद्दल घडलीये."

फाटकाशी तो कमरेवर हात ठेवून थांबला. बाईंना राहवेना.

"भावजी, या मागे."

झाकण घट्ट बसलं होतं. उघडताच कडसर वास आला. माळ्याच्या सदऱ्याला यायचा तोच. तुकड्यांच्या कडा तिरक्या होत्या. त्याचा हात तसाच चालायचा.

"त्याच्या हातची शेवटची ना?" शिंपी हळूच म्हणाला. "अर्धीच पुडी द्या."

"पोट काय अर्धंच अडलंय तुमचं? धरा. चिमूटभरच उकळा हं."

तो गेल्यावर बाई झुडपांकडे गेल्या. माळ्याने शेवटची फांदी तोडली होती त्या खुंटाला चार नवे कोंब आले होते, बोटाएवढे. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बाईंच्या समोरच त्याला सांगितलं होतं, फार तर सहा महिने. दुसऱ्याच दिवशी तो चाकूला धार लावून इथे बसला होता. साल वर्षभर मुरावी लागते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बाईंनी कोंबावरून बोट फिरवलं. पुढच्या उन्हाळ्यात आपण असू असं यांना खरंच वाटत होतं, की मी एकटी असेन हे ठाऊक असूनच यांनी ती बरणी भरली?