लाल रेघ

दप्तरखान्यात मी जुना नकाशा उलगडला. माळव्यातली अफू समुद्राकडं जायची ती वाट त्यावर लाल शाईनं आखलेली; इंग्रजांचा मुलूख चुकवत, संस्थानांतून वळसे घेणारी. सोबतच्या पत्रांत इंग्रजांचा रेसिडेंट आणि संस्थानाचा दिवाण आधी एकमेकांची खुशाली विचारतात, मग ही वाट बंद करण्यावरून भांडतात.

नकाशा आणून देणाऱ्या म्हाताऱ्या शिपाईमामांनी रेघेवर बोट ठेवलं. "हे आमचं गाव. इथं उंटांचा तळ पडायचा. ओझी उतरताना सांडलेला चुरा बायका वेचायच्या, तान्ह्या लेकरांना चाटवायच्या आणि शेतावर जायच्या. थोरले सांगायचे."

"आणि लेकरं?"

"उठायची की. बहुतेक सगळी."

तेव्हापासून मी तीच पत्रं पुन्हा पुन्हा चाळतोय. वाटेत मेलेल्या उंटांचा उल्लेख सापडला; लेकरांचा नाही.