हळदीविना कुंकू

माझ्या याद्या घरात सगळ्यांना पाठ आहेत – वाणसामानाची, आहेराची, औषधांची. एका यादीबद्दल मात्र मी आजवर कुणापाशी तोंड उघडलेलं नाही. तुम्हाला सांगते.

चिंचवडला एका शेडमध्ये कुंकवाच्या डब्या भरत. मी तिथे देखरेखीला होते. ‘शुद्ध हळदीचे, त्वचेस निर्धोक’ – लेबलाचा हा मजकूर माझ्याच अक्षरात छापखान्यात गेला. आत काय होतं? पांढरी भुकटी आणि पिंपातला लाल रंग – नखांतून तीन-तीन दिवस न निघणारा. हळद शेडमध्ये एकदाच आली, उद्घाटनाच्या पूजेला.

मी स्वतः काय लावत होते? राजगुरुनगरहून आई घरचं कुंकू पाठवायची, ते. म्हणजे मला माहीत होतं – नव्हतं असं कसं म्हणू?

त्या संक्रांतीला मी चाळीतल्या बावीस जणींना वाण म्हणून त्याच डब्या लुटल्या. कुणी सुटायला नको म्हणून नावं लिहिली. नववं नाव शेजारच्या विमलताईंचं. डबी त्यांना दिली. लावत होती त्यांची मुलगी सुमन. डबी संपल्यावर तिने दुसरी मागितली. कपाळ खाजतं, असंही म्हणाली. मी – दुसरी आणून दिली.

वर्षाच्या आत डाग उमटला. पांढरा, बरोबर टिकलीएवढा, टिकलीच्याच जागी. चाळ म्हणाली, कोड.

मग सुमनला चऱ्होलीचं स्थळ आलं. मुलाची आत्या चौकशीला माझ्याकडे आली. माझ्या घरातली टापटीप बघून म्हणाली, “तुमी खोटं न्हाई बोलायच्या. कोड हाय का वं त्यांच्या घराण्यात?”

एक वाक्य पुरलं असतं – डाग कुंकवाचा आहे. पण लेबल कुणी लिहिलं, हे पुढे आलंच असतं. शिवाय बाकीच्या एकवीस जणी?

“मला काही ठाऊक नाही,” मी म्हणाले. सात वर्षं आमची भिंत एक होती, हे तिलाही माहीत होतं.

“समजलं,” आत्या म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून उठली.

सुमनचं लग्न झालं नाही. कपाळावर केस ओढून ती कंपनीत पॅकिंगला जाते. विमलताई शेवटपर्यंत मला म्हणत राहिल्या, “माझ्याच रक्तात काहीतरी असणार गं.” मी मान हलवत राहिले.

यादी अजून माझ्याकडे आहे. बावीस नावं, प्रत्येकापुढे ‘दिले’ अशी खूण. नवव्यापुढे दोन.