नव्या अर्जाची लिंक

कलबुर्गीतल्या मुलींच्या एका वसतिगृहाची वेबसाइट प्रेरणाच्या कंपनीनं केली होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि सहा माणसं. प्रेरणा जनवाड्याची. तिचे वडील तात्याराव पूर्वी गवंडीकाम करायचे. त्या घरातली ही पहिली इंजिनिअर.

जूनमधल्या एका दुपारी करजगीहून चंद्रम्मा नावाची बाई मुलीला घेऊन थेट कंपनीत आली. वसतिगृहाच्या ऑफिसातून तिला दोनदा परत पाठवलं होतं. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइनच भरा, म्हणाले. अर्ज उघडत नाही म्हटलं, तर तुम्हालाच जमत नाही, म्हणाले. शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

वेबसाइटचं काम बघणाऱ्या लिंगराजनं खुर्चीतूनच सांगितलं, की साइट व्यवस्थित चालते, खेड्यातल्या लोकांना टाइप करता येत नाही. आठ दिवसांत आलेल्या सगळ्या फोनांना त्यानं हेच उत्तर दिलं होतं.

चंद्रम्मानं मोबाइल प्रेरणापुढे धरला. त्यावर आलं होतं: ‘या क्रमांकाचा अर्ज सापडला नाही. क्रमांक तपासा.’

"अक्का, ह्ये नंबर विचारायलंय," चंद्रम्मा म्हणाली. "अजून अर्जच भरला न्हाई, तर नंबर कुठून आणू?"

प्रेरणा चमकली. आठ दिवसांत कंपनीतल्या एकालाही न पडलेला प्रश्न या बाईनं विचारला होता.

तिनं कोड उघडला. कुठली लिंक आली की कुठलं पान दाखवायचं, याची त्यात यादी असते. कॉम्प्युटर ती वरून खाली वाचतो आणि पहिली जुळणारी ओळ धरतो. ‘अर्ज’ या शब्दापुढे काहीही आलं तर तो क्रमांक समजायचा, ही ओळ वर होती. ‘नवीन’ आलं तर कोरा फॉर्म दाखवायचा, ही ओळ तिच्या खाली. त्यामुळे कॉम्प्युटर ‘नवीन’ हाच क्रमांक समजून त्या क्रमांकाचा अर्ज शोधत बसायचा. खालच्या ओळीपर्यंत तो पोचतच नव्हता. आठ दिवसांपूर्वी लिंगराजनं यादी नीट लावताना ओळी वरखाली केल्या होत्या आणि जुने अर्ज उघडून बघून खात्री केली होती. ते उघडतच होते.

खालची ओळ वर न्यायला प्रेरणाला मिनिटसुद्धा लागलं नाही. फॉर्म उघडला. चंद्रम्माची मुलगी शिवलीला तिथंच बसून तो भरू लागली.

मग प्रेरणानं सर्व्हरवरची नोंद काढली. नव्या अर्जाची लिंक दोनशे बारा वेळा उघडली गेली होती, आणि दर वेळी तेच उत्तर.  तिच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी तात्यारावांनाही खिडकीवरच्या कारकुनानं असंच परत पाठवलं होतं, चूक तुमचीच म्हणून. आज त्या खिडकीमागे ती स्वतः बसली होती.

मालक शिवशंकरप्पांनी वसतिगृहाला पत्र लिहायला घेतलं: काही अर्जदारांना तांत्रिक अडचण आली, ती आता दूर झाली आहे.

"अर्जदारांना काय अडचण आली, अप्पा?" प्रेरणा म्हणाली. "चूक आपली आहे. तसंच लिहा, आणि तारीख वाढवून मागा."

कंपनीचं नाव खराब होईल, असं ते म्हणाले. लिंगराज म्हणाला, एवढ्या एका ओळीचं कामून एवढं करायलीस? तिनं नोंदीची प्रिंट काढली, पत्र स्वतः लिहिलं आणि शिवशंकरप्पांपुढे ठेवलं. त्यांनी प्रिंटवरचा आकडा पुन्हा बघितला. शेवटी सही केली. ते घेऊन ती चंद्रम्मासोबत वसतिगृहात गेली. वॉर्डन भुवनेश्वरीबाईंनी प्रिंट दोनदा वाचली आणि पाच दिवस वाढवून दिले.

त्या पाच दिवसांत त्रेसष्ट नवे अर्ज आले. शिवलीलाला जागा मिळाली. लिंक उघडून परत न आलेल्या बाकीच्या मुली कोण होत्या, हे शोधायची सोय नव्हती. फॉर्मच उघडला नव्हता, मग नाव-फोन कुठून असणार? त्यांतल्या कितीजणींनी, आपल्यालाच येत नाही असं समजून, मोबाइल बाजूला ठेवला असेल, हे मनात आलं की प्रेरणाला अजूनही संताप येतो. लिंगराज पुढे महिनाभर तिच्याशी बोलला नाही. तिनंही त्याची समजूत काढली नाही.