नि. डा. अं.

"चौघींत एक," सर म्हणाले आणि कागद आमच्या बाकावर टाकला.

आठवीचा वर्ग. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. बाकी सगळ्यांना एकेक कागद मिळाला होता. जांभळ्या शाईचा, सायक्लोस्टाइल केलेला, हाताला रंग लागणारा. वर ठळक अक्षरांत 'पालकांस सूचना'. शाळेची वेळ, गणवेश, चाचणीचे दिवस, पालकसभा, आणि सगळ्यात खाली विषयनिवड. आम्ही वस्तीतल्या चौघी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचो. तिथं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. दुसरीकडे जागा मिळायची नाही, एवढंच.

विमल माझ्या शेजारची. तिनं उभं राहून विचारलं, "सर, चार पाहिजेत ना?"

"कशाला? वाचणार कोण तुमच्या घरी? अंगठेच लावून आणायचे आहेत. एका कागदावर चार मावतात."

वर्ग हसला. मीही हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सर विनोद करतात तेव्हा हसायचं, ही सवय इतकी मुरली होती की विनोद कुणावर आहे हे तोंडाला कळायच्या आत ते हसून मोकळं झालं. विमल हसली नाही. ती खाली बसली.

त्या कागदात माझा जीव अडकला होता. आठवीत दोन गणितं होती. बीजगणित आणि भूमितीचं उच्च गणित, आणि हिशेबापुरतं सामान्य गणित. सामान्य घेतलं की पुढं सायन्सचं दार बंद. सातवीत गणितात मी वर्गात पहिली होते. सरांना ते माहीत होतं, कारण पेपर त्यांनीच तपासला होता. तपासताना दोन वेळा बोलावून विचारलं होतं, कुणाचं पाहून लिहिलंस. आता नियम असा होता की शनिवारपर्यंत पालकांच्या सहीचा कागद आला नाही तर नाव आपोआप सामान्य गणितात. आणि एका कागदावर एकाच मुलीच्या विषयाची जागा होती. म्हणजे चौघींतल्या तिघी बसल्या जागी सामान्य झाल्या होत्या, आणि कुणाला तसं म्हणायचीही गरज पडली नव्हती.

कागद मी घरी नेला.

माझी माय बिड्या वळायची. बाप मी दोन वर्षांची असताना गेला. लकडगंजात लाकडं चिरायच्या आरामशीनवर ओंडके उतरवायचा, एक ओंडका अंगावर आला. तेव्हापासून पालक म्हणजे माय. तिचं नाव सुजाता. हे नाव तिला आईबापानं दिलेलं नव्हतं. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून हिच्यावर कुणाची नजर नको असं म्हणून आजानं तिचं नाव कचरी ठेवलं होतं. दीक्षा घेतली त्या दिवशी तिनं ते नाव टाकलं. नवं नाव तिनं स्वतः निवडलं, आणि त्यानंतर ते लिहिता यावं म्हणून विहारातल्या बायकांच्या वर्गात जाऊन बसली. सगळ्यात आधी शिकली ती आपली सही. मग बाकीची अक्षरं. पण मला शाळेत घालायला गेला होता आजा, आणि त्यानं सवयीनं जुनंच नाव सांगितलं. ते प्राथमिकच्या दाखल्यावरून हायस्कूलच्या रजिस्टरात आलं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. रजिस्टर आम्हाला कोण दाखवणार?

दुपारी आमच्या छपरीत चौघींच्या माया बसल्या होत्या. मांडीवर सुपं, सुपात तंबाखू, हातात पानं. मायनं हात पुसले आणि कागद वाचायला घेतला. ती बोट ठेवून वाचायची. एकेक अक्षर फोडून, मग पुन्हा जोडून. गणवेशाचं वाचलं. पालकसभेचं वाचलं. विषयांपाशी आली तेव्हा मी मध्ये समजावून सांगितलं. चौघींनी नीट ऐकलं. विमलच्या मायनं दोनदा विचारलं, मोठं गणित केलं तर पोरगी नर्स होते का वं. मी म्हटलं, डॉक्टर होते.

शेवटच्या ओळीत माय अडकली. तिथं लिहिलं होतं, 'सही', आणि त्याच्या पुढं मोकळी जागा. खाली 'नि. डा. अं.', आणि त्याच्या पुढं मोकळी जागा.

"निडाअं," मायनं वाचलं.

"हे कोन वं?" विमलची माय म्हणाली.

"असन शाळेतली बाई कोनी. तिची बी सही लागत असन."

"मग तिची जागा सोडून द्या. उगीच आपन लिहून ठेवलं तं रागवन."

मलाही माहीत नव्हतं. मी आठवीत होते आणि आयुष्यात कधी तसला कागद पाहिला नव्हता. आम्ही त्या बाईंची जागा सोडली. मग मी वहीची पानं फाडून तो पूर्ण कागद तीन वेळा उतरून काढला. अक्षर काढताना जीभ बाहेर आली होती म्हणून माय हसत होती. छापील कागदावर मायनं सही केली, सु-जा-ता, वरची रेघ शेवटी, एका दमात. बाकी तिघींना सही येत नव्हती. तव्याच्या बुडाची काजळी घेऊन त्यांनी सहीच्या जागी अंगठे लावले. खाली निडाअं बाईंची जागा चारही कागदांवर कोरी.

त्या दुपारी आमच्या छपरीत शाळेची सूचना पोचली होती. चार घरांत. जशी पोचायला पाहिजे तशी.

दुसऱ्या दिवशी सरांनी तीन वहीचे कागद पाहिले आणि फाडले. शाळेच्या कागदाची नक्कल चालत नाही म्हणाले. छापील कागद हातात धरून त्यांनी रजिस्टर मागवलं. बोट फिरवलं.

"ही सुजाता कोण?"

"माझी आई."

"तुझ्या आईचं नाव कचरी आहे. इथं लिहिलंय. सही तू ठोकलीस."

"नाही सर, तिनंच केली."

"तुझी आई सही करते?" हे त्यांनी मला विचारलं नाही, वर्गाला विचारलं. "आणि अंगठ्याची जागा कोरी का ठेवली?"

"ती बाईंसाठी ठेवली."

"कोणत्या बाई?"

"निडाअं बाई."

वर्ग फुटला. पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. सर स्वतः टेबल धरून हसले, मग डोळे पुसून मोठ्यानं सांगितलं, निशाणी डावा अंगठा. नि. डा. अं. तुमच्यासाठीच तर छापलंय ते. मग पट्टी काढली. दोन्ही हातांवर दोन-दोन. या वेळी मी हसले नाही. माझ्याकडे पाहून विमल रडत होती आणि तिचं रडणं मला पट्टीपेक्षा जास्त लागत होतं.

"उद्या अंगठा घेऊन ये," सर म्हणाले. "कचरीचा. इथं, माझ्यासमोर."

घरी मी फक्त एवढंच सांगितलं की सरांनी तुला बोलावलंय. बाकीचं विमलनं सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी माय आली. धुतलेलं लुगडं, तेल लावलेले केस, बोटं मात्र तंबाखूनं पिवळी. ती पिवळी बोटं तिनं पदरात घेतली होती. सरांच्या खोलीत एक मोकळी खुर्ची होती. तिला बस म्हणाले नाहीत. टेबलावर माझा कागद होता, रजिस्टर होतं, आणि शाईचा पॅड उघडून ठेवलेला.

"नाव?"

"सुजाता."

"रजिस्टरात कचरी आहे."

"ते जुनं नाव, गुरुजी. दीक्षेत टाकून देलं."

"नाव म्हणजे काय लुगडं आहे, जुनं झालं की टाकलं?"

माय म्हणाली, "मी सही करून दाखवतो. आत्ता करतो, तुमच्यापुढं."

"सुजाता नावाची बाई माझ्या रजिस्टरात नाही. तिची सही घेऊन मी काय करू? कचरी असशील तर अंगठा लाव, पोरीला उच्च गणित देतो. नसशील तर घरी जा. मला तास आहे."

मायला वाचता येतं हे त्यांना कळून चुकलं होतं, हे मी पाहत होते. ती टेबलावरच्या कागदावरून डोळे फिरवत होती आणि तिचे ओठ हलत होते. त्यांना ते दिसत होतं. म्हणूनच अंगठा हवा होता. सही न येणाऱ्या बाईचा अंगठा त्यांना रोज मिळत होता, त्यात काय गंमत?

माय माझ्याकडे वळली. माझ्या हातावरचे वळ तिला दिसले असतील. तिनं पदरातून हात काढला. "लावतो गुरुजी," म्हणाली. "पोरीचं गनित राहू द्या." आणि डावा अंगठा पॅडवर दाबला.

मी तिचं मनगट धरलं.

"माय, नको लावू."

"सोड वं."

"नको लावू."

ती ओढत होती, मी ओढत होते. तिचा शाईचा अंगठा माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर उमटला. कागद कोराच राहिला. सर खुर्चीत मागं रेलले.

"मग गणित गेलं तुझं."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "तिचं नाव सुजाता आहे."

सरांनी माझ्या नावापुढं 'सामान्य' लिहिलं. लिहिताना त्यांचा टाक अडकला नाही.

बाहेर पडलो आणि रस्त्यावर मायनं माझ्या थोबाडीत मारली. पहिल्यांदा आणि शेवटचं.

"मले इचारलं होतं का? माहा अंगठा होता. मी देऊन राहिलो होतो. तू कोन अडवनारी?"

तिचं म्हणणं खरं होतं. नाव तिचं, अंगठा तिचा, आणि ती तो माझ्यासाठी देत होती. मी तिच्या हातून ते देणं हिसकावून घेतलं. घरी आल्यावर तिनं छपरीत बसून सूप मांडीवर घेतलं आणि पानं कापायला लागली. पानांवर निळे डाग पडत होते. ती पुसायची आणि पुढचं पान घ्यायची. अंधार पडायच्या आधी म्हणाली, "बरं केलं, असं नाई म्हनत मी. पन आता लावनार नाई कुठंच." आणि तिनं कुठंच लावला नाही. रेशनच्या दुकानात नाही, दवाखान्यात नाही, माझ्या लग्नाच्या कागदावर नाही.

मी डॉक्टर झाले नाही. विमलही नर्स झाली नाही, तिला नववीत शाळेतून काढून बिड्यांना बसवलं. बीजगणिताच्या तासाला आम्हा चौघींना चित्रकलेच्या खोलीत पाठवायचे आणि भिंतीपलीकडून सरांचा आवाज यायचा. ती भिंत मला अजून आठवते. त्यातून शिकले वगैरे काही नाही, भिंतीतून काही शिकता येत नाही. ते गणित गेलं ते गेलं. ब्लाउजवरचा डागही गेला नाही. दुसरा ब्लाउज नव्हता. वर्षभर तोच घालून सरांच्या बाकीच्या तासांना बसले.

आता मी शहराच्या कडेच्या वाडी गावातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. ट्रकांच्या गोदामांत माल उतरवणाऱ्यांची, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची पोरं. दर जूनमध्ये सूचनापत्रकं निघतात आणि दर जूनमध्ये मुख्याध्यापक म्हणतात, मॅडम, त्या खोल्यांत कोण वाचतं, तोंडी सांगून टाका. मी कुणाला तोंडी सांगत नाही. घरटी एक कागद नेते, उंबऱ्यात बसते, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. नि. डा. अं. म्हणजे काय तेही सांगते. आणि विचारते, बाई, तुमचं नाव काय?

या जूनमध्ये एकीनं सांगितलं, "वैशाली." रजिस्टरात तिचं नाव उकंडी आहे. उकिरड्यावरून ठेवलेलं. मी म्हटलं, शाळेत तर हे लिहिलंय. ती लगेच म्हणाली, "असन. तेच राहू द्या, पोराचं नुकसान नको व्हायले."

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर उघडलं, उकंडीवर रेघ मारली, वर वैशाली लिहिलं आणि शेजारी पूर्ण सही केली. कुणी केलं हे शोधायला त्रास नको.

परवा मेमो आला. शालेय अभिलेखात खाडाखोड केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल. सहकारी म्हणाले, चूक झाली असं लिहून द्या, मिटेल.

खुलासा आज दिला. चार ओळींचा आहे. पालकाचे नाव चुकीचे होते. ते मी बरोबर केले. याच रजिस्टरात अशी आणखी अकरा नावे आहेत. उद्या सकाळी पहिल्या तासाआधी तीही करीन.