चाळीस मिनिटांची बादली

तारीख गेल्या वर्षीची एक डिसेंबर. रक्कम दोनशे चाळीस रुपये. हजर मी, माझी पत्नी आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या टीचर. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी शिरोड्यात त्यांना सगळे टीचरच म्हणत.

खोलीला वेगळा मीटर नव्हता. पाणी तापवायच्या रॉडवर १५०० वॅट छापलेलं होतं. रोज तो किती मिनिटं चालला हे टीचर स्वतःच कॅलेंडरवर लिहीत. चाळीस मिनिटं म्हणजे एक युनिट, महिन्याचे तीस, आठ रुपयांनी दोनशे चाळीस. चौदा महिने असंच चाललं होतं. त्या दिवशी मी गणिताने काढलं की पंधरा लिटरची बादली या रॉडवर पंचवीस मिनिटांत तापायला हवी. मग दोन बादल्या तापवता का, असं मी विचारलं.

"एकच रे. दोन बादल्यो घेवन मी काय करू?" त्या म्हणाल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला. "तुझो हिशोब बरोबर आसतलो. मगे माझीच बादली मोठी आसात."

दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरवर मिनिटं नव्हती. त्या थंड पाण्याने आंघोळ करतात, असं पत्नीने मला दोनदा सांगितलं. वीज वाचते, असं मी तिला म्हणालो. जानेवारीअखेर त्यांचे गुडघे आखडले आणि भाची येऊन त्यांना म्हापशाला घेऊन गेली. थंड पाण्यानेच आखडले असं मी म्हणणार नाही. पंचाहत्तरी उलटल्यावर आखडतातही. पण ते पाणी थंड होतं ते माझ्यामुळे.

शिमग्याच्या सुमारास फ्रिज सुरू होईना म्हणून वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, लाइनवर तुमचं घर शेवटचं, सकाळी बागांचे पंप लागले की इथे १८० व्होल्टच पोचतात. रॉड खोलीत खिळ्याला तसाच होता. वायरमनचा व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर मागून घेतला आणि चार दिवस सकाळी सहाला, टीचरांच्या आंघोळीच्या वेळी, रॉड बादलीत लावून मोजलं. १८० व्होल्ट, ५.१ अँपिअर. गुणाकार ९१८ वॅट.

छापलेले १५०० वॅट २३० व्होल्टचे होते. रॉडचा बदलत नाही तो रोध: २३० गुणिले २३० भागिले १५००, सुमारे ३५ ओहम. व्होल्ट कमी, म्हणून अँपिअर कमी, आणि वॅट तर दोन्हीकडून कमी. पंचवीस मिनिटांचं काम ९१८ वॅटवर चाळीस मिनिटं घेतं. बादली एकच होती. महिन्याला तीस नव्हे, साडेअठरा युनिट. जास्तीचे ब्याण्णव रुपये, चौदा महिने.

रविवारी म्हापशाला गेलो. टीचर खुर्चीत होत्या. त्यांनी पेन्सिल मागून माझा भागाकार तपासला. मी माफी मागितली तेव्हा कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "हिशोब आता बरो आसा. पण तेव्हा एकदा येवन बादली तरी बघूक होयी होती रे."

माझ्या पडवीपासून त्यांची न्हाणी बारा पावलांवर आहे.

पैसे त्यांनी हातात घेतले नाहीत. रोख १२८८ रुपये भाचीला दिले.